मुक्काम कुठे?

दादाचा फोन मार्चमध्ये आला. तिकिटं काढून झाली होती. ऑगस्टमध्ये चार आठवडे यायचं, गणपती करून म्युनिकला परत. त्यातले तीन दिवस त्याने मोकळे ठेवले होते. "सगळे मिळून कुठेतरी जाऊ. मुलांना झेपेल असं. तू बघ ना, तुला असल्या शीट करायला आवडतात."

आवडतात हे खरं आहे. मी नोकरीत दिवसभर दुसऱ्यांच्या कामाच्या तारखा जुळवते, त्यामुळे घरातल्या लग्नांपासून काशीयात्रेपर्यंत सगळ्यांचं नियोजन माझ्याकडेच येतं. त्याच रात्री एक कोरी एक्सेल शीट उघडली आणि वर नाव दिलं : 'दोन रात्री तीन दिवस'. माणसं सहा. दादा, वहिनी, आई, मी, आठ वर्षांची भाची आणि साडेचार वर्षांचा भाचा.

दुसऱ्या दिवशी वहिनीने एक पीडीएफ पाठवली. मुलांच्या डॉक्टरांनी दिलेलं चार पानी पत्रक, भाषांतराच्या अ‍ॅपमधून काढलेलं. विषय साधारण असा : उष्णकटिबंधीय देशात लहान मुलांसोबत थोड्या दिवसांचा प्रवास. कावीळ आणि टायफॉइडच्या लसी घ्या. डासांसाठी डीट असलेलं मलम, अंगभर कपडे, झोपताना मच्छरदाणी. पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलं. बर्फ नको, कापलेली फळं नकोत, कच्ची कोशिंबीर नको, समोर शिजलेलं गरम खा. कुत्र्या-माकडांना हात लावू देऊ नका, ओरखडा आला तरी साबणाने पंधरा मिनिटं धुऊन थेट दवाखाना गाठा.

खराडीतल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून मी हे वाचलं आणि आधी हसले, मग चिडले. उष्णकटिबंधीय देश म्हणजे आमचं घर. वहिनी नाशिकची आहे, कॉलेजला असताना गाडीवरची पाणीपुरी सोडत नसे, आणि आता ती मला बर्फाबद्दल सांगणार? मग तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यात चुकीचं एकही वाक्य नव्हतं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हे मला स्वतःला डेंग्यू होऊन आठवडाभर सलाइनवर राहीपर्यंत माहीत नव्हतं. आपण या सगळ्यातून जगून-वाचून मोठे झालो, एवढाच आपला युक्तिवाद असतो. मी पत्रक शीटच्या दुसऱ्या टॅबमध्ये मुद्देवार उतरवून घेतलं.

जागेवर वाद झाला नाही, कारण आईने तो होऊच दिला नाही. "माझ्या भावाकडे एक रात्र राहायचं. बाकी कुठेही न्या." मामाचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून अर्ध्या तासावर, चहूबाजूंनी उसात. दादा शेवटचा तिथे गेला त्याला नऊ वर्षं झाली होती. त्यामुळे जुन्नर आणि जमलं तर आंबेगाव, हे ठरलं. पुण्यापासून जवळ, आणि मुलांना दाखवायला इतकं की तीन दिवसांत काय गाळायचं हाच प्रश्न. सरकारने २०१८मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. त्याने रस्ते किती सुधारले हा वेगळा विषय, फलक मात्र पुष्कळ लागले.

ऑगस्ट हा महिना आम्ही निवडलेला नव्हता. बव्हेरियातल्या शाळांची मोठी सुट्टी ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते आणि तिकडे सुट्टीबाहेर मूल शाळेतून काढून प्रवासाला नेलं तर दंड होतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या आई-बापांना थांबवून विचारल्याच्या बातम्या तिकडे येतात. आपल्याकडे 'दिवाळीत या, हवा छान असते' म्हणायची सोय असते, त्यांना ती नाही. म्हणजे भर पावसातली सहल.

पावसाळी सहल म्हटलं की आपल्याला धबधबाच दिसतो. मी तो पहिल्या दिवशीच शीटमधून काढला. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलं होती. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेली माणसं, आणि काठावर शंभर लोक. तीही एक दिवसाची कौटुंबिक सहलच होती.

दुसरी गोष्ट माळीण. ३० जुलै २०१४, सकाळची वेळ. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेलं हे गाव डोंगर खचून गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला कळलं ते एका एसटी ड्रायव्हरमुळे. नेहमीच्या फेरीला तो पोचला तर गाव जागेवर नव्हतं. ढिगाऱ्यातून तीन महिन्यांचं एक बाळ आईसह जिवंत निघालं होतं. मी तेव्हा अकरावी-बारावीत होते, आणि आमच्या कॉलेजातून मदतीचे कपडे गोळा करून पाठवले होते, त्यात मी माझा निळा स्वेटर टाकला होता. आता गावाचं पुनर्वसन होऊन नवी घरं उभी आहेत. पण त्या बाजूचा डोंगर मला अजून साधा डोंगर दिसत नाही.

म्हणून शीटमध्ये एक कॉलम वाढवला : पावसाचा पट्टा. नकाशात हे दोन तालुके पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहिले तर पन्नास-साठ किलोमीटरांत देश बदलतो. आहुपे, नाणेघाट, माळशेज या कड्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, भातखाचरं, हिरड्याची झाडं, महादेव कोळ्यांच्या वाड्या. मध्ये जुन्नर-घोडेगाव. आणि पूर्वेला बेल्ह्याकडे गेलं की पाचशे-सहाशे मिलिमीटर, बाजरी, कांदा आणि धरणांच्या कालव्यांवर उभा ऊस. नियम असा केला : मुक्काम मधल्या किंवा पूर्वेच्या पट्ट्यात. पश्चिमेला जायचं तर दिवसा, आणि हवामान खात्याचा इशारा नसेल तरच. भीमाशंकर श्रावणामुळे बाद. एक तर गर्दी, त्यात आम्ही निवडलेला सोमवार श्रावणातला.

या निमित्ताने भाचीने व्हिडिओ कॉलवर नकाशात पाहून विचारलं, "आत्या, आंबेगाव कुठे आहे?" तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला. आणि आंबेगाव हे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्यात. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाची दगडी देवळं वर येतात, ऑगस्टमध्ये काहीच दिसत नाही. तिला हे भयंकर आवडलं. "मग तिथे मासे देवळात जातात?" जात असतील, म्हटलं.

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात सांगते, कारण लहान मुलं घेऊन जाणाऱ्या कुणाला उपयोग होईल. दिवसाला दोन गोष्टी, त्याहून जास्त नाही. शिवनेरी साडेचार वर्षांच्या मुलाला जमतो, कारण वाट पायऱ्यांची आहे आणि सात दरवाजांमुळे 'पुढचा दरवाजा कधी' असा खेळ होतो. पावसात दगड निसरडे होतात, म्हणून उतरताना घाई नको. साखळीच्या वाटेचा विचारही नको. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आणि भरपूर माकडं. हातात खाऊची पिशवी दिसली की ती गेलीच, इथे पत्रकातला माकडांचा मुद्दा अक्षरशः लागू. गणपती आहे तो सातव्या क्रमांकाच्या बौद्ध लेण्यात, हे मुलांना सांगितलं तर त्यांना त्यात काही विचित्र वाटत नाही. कोड्यात पडतात ती मोठी माणसं.

खोडदची जीएमआरटी दुर्बीण मला भाचीसाठी हवी होती. डॉ. गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या ३० तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची. चौदा जवळजवळ, बाकीच्या सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. आत जायला आधी परवानगी लागते, पण रस्त्यावरूनही दिसतात. त्या भरीव नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. वारा जाळीतून निघून जातो, पण पकडायच्या रेडिओ लहरी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी लांब असल्याने त्यांना ती जाळी भिंतीसारखी असते. त्यामुळे एवढी मोठी वस्तू हलकी आणि स्वस्त झाली. इंजिनिअरिंगची चार वर्षं मला ज्या गोष्टींबद्दल अभिमान वाटला त्यांत ही वरच्या क्रमांकावर आहे.

आणि नाणेघाट. तिथल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात काय काय दान दिलं त्याची यादी : गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, आणि प्रत्येकापुढे आकडा. दोन हजार वर्षांपूर्वीची एक्सेल शीटच. त्यात शून्य नाही, शंभराला आणि हजाराला वेगवेगळी चिन्हं आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी राहिली. हे मला मुलांना दाखवायचं होतंच. तिसऱ्या दिवसाच्या ओळीत हिरव्या रंगाने लिहून ठेवलं.

शीटमध्ये एकच चौकोन महिनाभर रिकामा राहिला. पहिली रात्र, मुक्काम कुठे?

मे महिन्यात वहिनीने विचारलं, "मामांच्या गावात बिबट्या येतो ना?" येतो म्हणणं बरोबर नाही, तो तिथेच राहतो. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी इथे बारमाही पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला. उसाचं पीक वर्ष-दीड वर्ष उभं असतं, दाट असतं, आत सावली आणि गारवा असतो, जवळ कुत्री, शेळ्या, डुकरं असतात. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून बरी जागा कुठली? उसात जन्मलेल्या बिबट्यांना जंगल माहीतच नाही. ऊसतोड सुरू झाली की शेत अचानक उघडं पडतं आणि तो सैरभैर होतो. ऑगस्टमध्ये ऊस डोक्याच्या वर गेलेला आणि घराला चिकटलेला असतो.

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके येतात. २००१ ते २००३ या काळात इथे हल्ल्यांची मोठी लाट आली. तेव्हा दिसेल तो बिबट्या पिंजऱ्यात पकडून दूर जंगलात सोडायचा सपाटा चालू होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर या नोंदी तपासल्या, तर जुन्नरमध्ये वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले ही सोडासोडी सुरू झाल्यावर १७वर गेले होते. अनोळखी मुलखात नेऊन टाकलेलं जनावर जास्त धोक्याचं, असा त्यांचा निष्कर्ष. २००९मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेजला सोडलेला एक बिबट्या तर सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे हे कळलं. तोच 'आजोबा', ज्याच्यावर सुजय डहाकेचा सिनेमा आला. आता पकडलेल्या अनेक बिबट्यांना माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवतात, वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस मिळून ते चालवतात. तालुक्यात बिबट सफारी करायची घोषणाही झालेली आहे. मामाचं त्यावर म्हणणं, "तिकीट कशाला? आमच्याकडं फुकट आहे."

मला एक जुनी गोष्ट आता उमगली. दादा लहानपणी दर मे महिन्यात मामाकडे असायचा. अंगणात गोधड्या टाकून झोपण्याच्या, रात्री मोटर चालू करायला मामासोबत कंदील घेऊन जाण्याच्या त्याच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. मी चार-पाच वर्षांची असताना दोन उन्हाळे आम्ही गेलोच नाही. मामाच्या घरी काहीतरी बिनसलं असावं, असं मला वाटायचं. आईला विचारलं तर म्हणाली, "बिनसलं कसलं? वाघाचं सुरू होतं तेव्हा." आमच्याकडे जुनी माणसं बिबट्याला वाघच म्हणतात.

आई हट्टाला पेटली. तिचं म्हणणं, तिथे माणसं राहतातच ना, लेकरंबाळं आहेतच ना, मग हिच्याच मुलांना काय होतंय? वहिनीने आवाज चढवला नाही, पण हो म्हटलं नाही. दादाने मला बाजूला फोन करून विचारलं, "खरंच, शक्यता किती असेल?" मी हिशोब करायला बसले. माझा पिंडच तसा. कसाही मांडा, उत्तर एकच येत होतं : तीन दिवसांतला सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे चाकणवरून नाशिक रस्त्याने गाडी नेणं, आणि सर्वांत उपयोगी खरेदी म्हणजे मुलाची कार-सीट, जी भाड्याच्या गाड्यांत नसते. (ती मी एका सहकाऱ्याकडून उसनी आणली.) हिशोब बरोबर होता. दादाला पाठवला, त्याने अंगठा दाखवला, आणि चौकोन रिकामाच राहिला.

शेवटी मामाला फोन केला. वाटलं होतं, तो आईसारखंच रागावेल.

"संडास अंगणात आहे," मामा म्हणाला. "तीस पावलं. आम्ही बॅटरी घेऊन, काठी आपटत, मोबाइलवर गाणी लावून जातो. तुमचं पोरगं झोपेतून उठलं आणि न सांगता गेलं तर? तुम्ही मुक्काम करू नका. जेवायला या, पाचला निघा. तुझ्या आईला मी सांगतो."

आणि त्याने सांगितलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही, आई दोन दिवस बोलली नाही.

मी शीटमध्ये जुन्नरच्या अलीकडचं एक रिसॉर्ट भरलं आणि तसं वहिनीला कळवलं. मला तिचा थोडा राग होता हे कबूल करते. तिला हवं तसं झालं होतं. तिने कॉलवर विचारलं, "मामांचा नातू केवढा आहे?" सहा पूर्ण. पहिलीत. "मग तो संध्याकाळी काय करतो?"

साडेपाचला आत येतो. शेळ्यांचा गोठा वरूनसुद्धा जाळी मारून बंद केलेला आहे, तो लावून घेतात. मग घराचं दार लावतात. मग टीव्ही. तीन वर्षांत दोन कुत्री गेली, तिसरं पाळलं नाही. हे सगळं मला माहीत होतं. दर वेळी मामीकडून ऐकलेलं होतं, हवापाण्याच्या गप्पा ऐकाव्यात तसं.

"त्याला आपल्याबरोबर घेऊ या का?" वहिनी म्हणाली. "दोन रात्री. तिन्ही मुलं खेळतील."

माझ्या शीटमध्ये हे नव्हतं. एप्रिलपासून मी 'मुलं' या शब्दाखाली दोनच नावं लिहीत होते.

मामीला विचारलं तर तिला ते लागलं. "आमचं पोरगं काय तुरुंगात हाय व्हय?" मी गप्प. मग तिने सुनेला विचारते म्हटलं. मामेभावाच्या बायकोचा मेसेज रात्री अकराला आला : त्याला एकट्याला झोपायची सवय नाही, आईंच्या शेजारी झोपवाल का? सोमवार ते बुधवार शाळा बुडणार होती. मी विमानतळावरच्या पोलिसांची गोष्ट मामीला सांगितली तर ती हसत सुटली. "दोन दिस न्हाई गेला तर काय कलेक्टर व्हायचा राहतो का!" शीटमध्ये माणसं सात केली.

आम्ही १८ ऑगस्टला निघालो. १५ ऑगस्टची लांब सुट्टी मुद्दाम टाळली होती. चाकणला पाऊण तास गेला, खेडच्या पुढे भाचा ओकला, हे दोन्ही शीटमध्ये धरलेलं होतं. खोडदला झिमझिम पावसात तबकड्या पाहिल्या. मामीने मासवड्या केल्या होत्या. श्रावणात मास कसं काय, म्हणून भाची घाबरली. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण भरून केलेल्या वड्या असतात त्या, नावाखेरीज त्यात मांसाचं काही नाही. समोर शिजलेलं, गरम, त्यामुळे पत्रकातही बसतं. रश्श्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने आणखी मागितला.

जेवणानंतर मुलं अंगणात होती. मामा खाटेवर बसून बोलत होता, पण त्याचं तोंड आमच्याकडे आणि नजर उसाकडे होती. पावणेपाचला त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आई भावाच्या घरून इतक्या लवकर कधी निघाली नसेल. तिने कुंकू लावून घेतलं, ओटीतले तांदूळ पदरात घेतले आणि कुणाशी न बोलता गाडीत बसली. मामेभावाच्या मुलाच्या दप्तरातून वह्या काढून त्यात कपडे भरले होते. गाडी सुटताना तो रडला नाही, त्याची आई रडली.

रिसॉर्टमध्ये चेक-इन करताना एक छापील कागद सही करायला दिला. पोहण्याच्या तलावाचे नियम, मोठ्याने संगीत लावू नये, आणि सहावा मुद्दा : परिसरात वन्यप्राण्यांचा वावर असल्याने रात्री कुंपणाबाहेर जाऊ नये. कुंपणापलीकडे ऊस होता. वहिनीने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली. भिंत उंच होती, वर तार होती, दिवे होते, रखवालदार होता. आम्ही ज्याचे पैसे दिले ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी शिवनेरी केला, धुक्यात. बाळ शिवाजी आणि जिजाऊंच्या पुतळ्यापाशी तिन्ही मुलांचा फोटो आहे, त्यात कुणीच कॅमेऱ्याकडे बघत नाही. नाणेघाट झाला नाही. त्या दोन दिवसांत मुंबईत लोकल थांबल्या, पुण्याच्या घाटमाथ्याला इशारा आला, आणि माझ्याच नियमाने मी हिरवी ओळ लाल केली. नागनिकेचे आकडे फोनवर दाखवले, ते अर्थातच तसे पोचले नाहीत.

हे लिहायला घेतलं तोवर दिवाळी होऊन गेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या काही आठवड्यांत शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात दोन लहान मुलं आणि एक वृद्ध बाई बिबट्याच्या हल्ल्यात गेली. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनविभागाला एक बिबट्या गोळी घालून मारावा लागला. शेतात जाणाऱ्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालतात, त्यांचे फोटो दादाने मला जर्मन वर्तमानपत्रातून पाठवले. मामाला फोन केला तर तो म्हणाला, दिवसाची वीज द्या म्हणावं, रात्री पाणी धरायला जायची वेळच येऊ देऊ नका, पट्टे कसले वाटताय?

त्या मंगळवारी संध्याकाळी पाऊस थांबला. साडेसात वाजले असतील. भाची आणि भाचा हिरवळीवर पळाले. मामेभावाचा मुलगा खोलीच्या पायरीवर उभा राहिला. मी म्हटलं, जा की. तो गेला नाही. रखवालदार जवळून चालला होता, त्याला त्याने विचारलं, "काका, हितं उजेड कुठवर पडतो?"

रखवालदार त्याच भागातला होता. तो हसला नाही. त्याने बॅटरीने दाखवलं : त्या खांबापासून त्या बाकापर्यंत, इकडे जास्वंदीपर्यंत. मुलगा पायरी उतरला, उजेडाच्या कडेने सावकाश चालत गेला, खांबापाशी एक चप्पल काढून ठेवली, जास्वंदीपाशी दुसरी. बाकापाशी ठेवायला काही नव्हतं म्हणून भाचीची चप्पल मागून घेतली. मग त्याने दोघांना खेळाचे नियम सांगितले. चपलांच्या बाहेर जो जाईल तो बाद. भाचीला त्याचं निम्मं मराठी कळत नव्हतं, पण हे कळलं.

दादा बाकावर बसला, वहिनी हातात मलमाची ट्यूब घेऊन उभी राहिली, आई खुर्ची ओढून दारात. शीटमध्ये आठ वाजता झोप होती. साडेनऊला ते तिघं अजून पळत होते, भाचा मध्येच बसून गवत उपटत होता. माझा फोन वाजला. मामेभावाची बायको. जेवला का, रडला का, असं काही तिने विचारलं नाही.

"ताई, दार लावलंय ना?"

"लावते आता," मी म्हटलं.